बाटलीच्या मागे काय छापलंय? मोटारसायकलचं इंजिन ऑइल निवडताना

नमस्कार मंडळी. ऑइलच्या दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, "कुठल्या कंपनीचं देऊ?" खरं तर हा प्रश्न चौथा किंवा पाचवा यायला हवा. म्हणून आज कंपन्यांची तुलना करणार नाही. बाटलीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात जे छापलेलं असतं ते वाचायचं कसं आणि आपल्या गाडीच्या मॅन्युअलशी ताडून बघायचं कसं, एवढाच विषय आहे.

चारचाकीत इंजिनाचं ऑइल वेगळं, गिअरबॉक्सचं वेगळं, आणि क्लच बहुधा कोरडाच. आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींत मात्र एकच ऑइल तिन्ही ठिकाणी फिरतं. पिस्टन, रिंगा, क्रँकची बेअरिंग आणि वर हेडमधला कॅम, यांना वंगण देतं. गिअरच्या दात्यांमध्ये भरडलं जातं. आणि क्लचप्लेटाही त्याच ऑइलात बुडालेल्या असतात. पहिल्या दोन कामांसाठी घर्षण जितकं कमी तितकं बरं. क्लचचं गणित बरोबर उलटं. प्लेटांनी एकमेकींना घट्ट धरलं नाही तर इंजिनाची ताकद चाकापर्यंत पोहोचतच नाही. मोटारसायकलच्या ऑइलचा सगळा तिढा इथेच आहे, आणि म्हणूनच निवडीची सुरुवात क्लचपासून करायची.

नव्वदच्या दशकात मोटारींची मायलेज वाढावी म्हणून ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं जास्त प्रमाणात पडू लागली. मोटारींचं काम झालं, पण तेच ऑइल दुचाकीत पडलं की क्लच सरकायला लागायचा. म्हणून जपानच्या वाहन-मानक संस्थेने, म्हणजे जासोने, १९९८ मध्ये चारस्ट्रोक दुचाकींसाठी टी ९०३ हे वेगळं मानक काढलं. त्यात प्रत्यक्ष क्लचप्लेटांवर चाचणी घेऊन ऑइलची पकड मोजतात. पकड चांगली असेल तर एमए, कमी असेल तर एमबी. २००६ च्या आवृत्तीत एमएचे आणखी दोन भाग झाले, एमए१ आणि एमए२. एमए२ ची पकड सगळ्यांत जास्त.

याचा व्यवहारातला अर्थ असा. गिअरची मोटारसायकल असेल तर बाटलीवर एमए किंवा एमए२ हवंच. मॅन्युअलमध्ये एमए२ लिहिलं असेल तर एमए२च घ्या. केटीएम ड्यूक किंवा हल्लीच्या रॉयल एनफिल्डसारख्या जास्त टॉर्कच्या गाड्यांना तेच लागतं. मॅन्युअल एमए म्हणत असेल आणि तुम्ही एमए२ टाकलंत तर काही बिघडत नाही. एमबी हे ॲक्टिव्हासारख्या स्कूटरसाठी आहे, कारण स्कूटरचा क्लच आणि पट्टा वेगळ्या कोरड्या कप्प्यात असतात, इंजिन ऑइल त्यांना शिवतसुद्धा नाही. स्कूटरमध्ये चुकून एमए पडलं तर मायलेज किंचित कमी मिळेल, एवढंच. स्प्लेंडरमध्ये एमबी पडलं तर मात्र क्लचशी गाठ आहे. दोघांची ग्रेड, म्हणजे ऑइलच्या घट्टपणाचा आकडा, १०डब्ल्यू-३०च आणि दुकानात दोन्ही बाटल्या एकाच फळीवर, त्यामुळे ही चूक फार सहज होते. घरात एक स्कूटर आणि एक बाइक असेल तर बाटल्यांवर मार्करने गाडीचं नाव लिहून ठेवा.

जासोचा शिक्का नीट ओळखायला शिका. ती एक चौकट असते. वरच्या ओळीत नोंदणी क्रमांक, मध्ये ठळक अक्षरात एमए किंवा एमए२, आणि खाली कंपनीने घेतलेली जबाबदारी. चाचणी कंपनी स्वतःच करून घेते आणि नोंद करते, जासो काही बाटली बाटली तपासत बसत नाही. पण क्रमांक असला की निदान कुणीतरी लेखी जबाबदारी घेतलेली असते. नुसतं "एमए२ च्या दर्जाचं" असं वाक्य छापलेलं असेल आणि चौकट नसेल, तर तो कंपनीचा दावा झाला. खोटाच असेल असं नाही, पण दोन बाटल्यांतून निवडायची वेळ आली तर चौकट असलेली उचला.

क्लच सरकतोय हे ओळखायचं कसं? टॉप गिअरमध्ये ताशी चाळीस-पन्नासच्या वेगाने चला आणि चढावर एकदम ॲक्सिलरेटर पिळा. इंजिनाचा आवाज चढला, टॅकोमीटरचा काटा वर गेला, पण गाडीने वेग घेतला नाही, तर क्लच सरकतोय. कसारा किंवा आंबेनळीसारख्या घाटात हे लगेच कळतं. पण लगेच ऑइलला दोष देऊ नका. आधी क्लचच्या लिव्हरचं प्ले बघा. साध्या वायरवाल्या क्लचला लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिलिमीटर मोकळीक लागते. वायर जास्त आवळलेली असेल तर उत्तम ऑइल असूनही क्लच सरकणारच. प्ले बरोबर असेल आणि नुकतंच ऑइल बदललेलं असेल, तर मग बाटली शोधा. मोटारीचं ऑइल पडलं असेल तर ते गरम असताना पूर्ण काढा, एमए२ भरा, दोनेकशे किलोमीटर चालवा आणि पुन्हा बदला. प्लेटा जळलेल्या नसतील तर पकड बहुतेक वेळा परत येते. ऑइलला जळका वास येत असेल आणि प्लेटांवर काचेसारखी चकाकी आली असेल, तर प्लेटा बदलण्याला पर्याय नाही.

आता बुलेटवाल्यांसाठी थोडं थांबतो. "बुलेटला कुठलंही २०डब्ल्यू-५० चालतं, मोटारीचंसुद्धा," असं सांगणारे अनुभवी मिस्त्री अजून भेटतात. ते खोटं बोलत नाहीत. जुन्या कास्ट आयर्न बुलेटमध्ये इंजिनाचं ऑइल वेगळं, गिअरबॉक्सचं वेगळं आणि क्लच तिसऱ्याच कप्प्यात, चेनकेसमध्ये. तिथे इंजिनात मोटारीचं ऑइल टाकलं तरी क्लचचा काही संबंध येत नव्हता. २००९ च्या सुमारास यूसीई, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसमधली, इंजिनं आली आणि तिन्ही कप्पे एक झाले. इंजिन बदललं, सल्ला तसाच राहिला. आज क्लासिकमध्ये तो सल्ला पाळणाऱ्याला क्लचप्लेटांचं बिल भरावं लागतं. जुनी बुलेट असेल तर तिन्ही कप्प्यांची पातळी वेगवेगळी तपासायची, हेही लोक विसरतात.

क्लच झाला, आता ग्रेड. १०डब्ल्यू-३० मधला पहिला आकडा थंडीचा, दुसरा गरम इंजिनाचा. पहिल्या आकड्यासाठी १०डब्ल्यू ऑइलची चाचणी उणे २५ अंशांवर होते, २०डब्ल्यूची उणे १५ अंशांवर. निफाडची कडाक्याची थंडीही यापासून कोसो दूर आहे. म्हणजे महाराष्ट्रात २०डब्ल्यू ऑइल गोठून गाडी सुरू झाली नाही, असं होणार नाही. मग पहिला आकडा निरर्थक का? तसंही नाही. सकाळी पंचवीस अंशांतसुद्धा घट्ट ऑइलला पंपातून हेडपर्यंत चढायला वेळ जास्त लागतो, आणि तेवढा वेळ कॅम आणि रॉकर जवळजवळ कोरडे फिरतात. इंजिनाची झीज मोठ्या प्रमाणात याच वेळात होते. लडाखला गाडी नेणाऱ्यांनी मात्र पहिल्या आकड्याकडे नीट लक्ष द्यावं. तिथे पहाटे शून्याखाली गेलेल्या गाडीत २०डब्ल्यू असेल तर स्टार्टर जड फिरतो आणि बॅटरीचा जीव जातो.

दुसरा आकडा आपल्यासाठी जास्त महत्त्वाचा. १०० अंश तापमानाला ऑइलचा घट्टपणा सेंटिस्टोक या एककात मोजतात. ३० ग्रेड म्हणजे ९.३ ते १२.५, ४० म्हणजे १२.५ ते १६.३, ५० म्हणजे १६.३ ते २१.९. म्हणजे ३० आणि ५० मध्ये गरम इंजिनात जवळजवळ पावणेदोन पटीचा फरक आहे. हा फरक किती असावा हे इंजिन बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं. बेअरिंगमधली फट किती, ऑइलचा पंप किती लिटर ढकलतो, हेडकडे जाणारी छिद्रं किती बारीक, पिस्टन आणि सिलिंडरमध्ये किती अंतर, या सगळ्यांवरून ग्रेड ठरते. शंभर सीसीच्या कम्युटरला १०डब्ल्यू-३० असतं, पल्सरच्या बऱ्याच मॉडेलांना कंपनीनेच २०डब्ल्यू-५० सांगितलेलं असतं, ड्यूकला १५डब्ल्यू-५०. यात कुठली ग्रेड श्रेष्ठ आणि कुठली कनिष्ठ असा प्रकारच नाही.

"चंद्रपूरला मे महिन्यात ४५ अंश असतात, मग स्प्लेंडरला २०डब्ल्यू-५० टाकलेलं बरं नाही का?" हा प्रश्न विदर्भात हमखास येतो. हवा तीस अंशांची पंचेचाळीस झाली तर ऑइलचं तापमानही ढोबळमानाने तेवढंच, पंधरा-वीस अंशांनी वाढतं. एवढ्याने १०डब्ल्यू-३० पाण्यासारखं पातळ होत नाही. उलट घट्ट ऑइल बारीक छिद्रांतून वर कमी जातं, घुसळताना स्वतःच जास्त तापतं, पिकअप मंद होतो आणि मायलेज पडते. काही मॅन्युअलमध्ये हवेच्या तापमानानुसार चालणाऱ्या ग्रेडचा तक्ता असतो. त्या तक्त्यात जाड ग्रेड असेल तर उन्हाळ्यात खुशाल वापरा. नसेल तर नको. गाडी आधीपासून धूर मारत असेल आणि दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये पाव-अर्धा लिटर ऑइल पीत असेल, तर एक ग्रेड जाड ऑइल टाकून रिंग-पिस्टनचं काम काही महिने पुढे ढकलता येतं. पण ती मलमपट्टी आहे, हे मनात असू द्या.

ग्रेडबद्दल एक गोष्ट बाटलीवर छापलेली नसते. मल्टिग्रेड ऑइलमध्ये लांब साखळ्यांचे पॉलिमर असतात, ते गरम झाल्यावर ऑइलला पातळ होऊ देत नाहीत. गिअरचे दाते या साखळ्या अक्षरशः कातरून टाकतात. मोटारीच्या इंजिनात गिअर नसल्यामुळे तिथे हा त्रास फार कमी. म्हणून जासोच्या मानकात कातरण्याचीही चाचणी आहे. चाचणीनंतर ३० ग्रेडचं ऑइल ९ सेंटिस्टोकच्या खाली जाता कामा नये, ४० चं १२ च्या आणि ५० चं १५ च्या. ऑइल बदलून दीड-दोन हजार किलोमीटरनंतर गिअर खट्खट् वाजायला लागतात, न्यूट्रल लागत नाही, टॅपेटचा आवाज वाढतो. हे बहुधा कातरलेल्या ऑइलचं लक्षण असतं. स्वस्त ऑइल आणि चांगलं ऑइल यांतला फरक पहिल्या दिवशी कळत नाही, तो इथे कळतो.

एपीआय, म्हणजे अमेरिकेची पेट्रोलियम संस्था, तिची ऑइलचा दर्जा सांगणारी अक्षरं पटकन संपवू. एसजे, एसएल, एसएम, एसएन, एसपी, अशी ती पुढे पुढे जातात. एसएल २००१ ची, एसएन २०१० ची, एसपी २०२० ची. मॅन्युअलमध्ये एसएल असेल तर एसएल किंवा त्यापुढचं कुठलंही चालेल, अट एकच, सोबत जासो एमए हवं. नुसतं एसपी बघून भुलू नका. गोल एपीआय चिन्हाच्या खालच्या अर्ध्या भागात "रिसोर्स कन्झर्विंग" किंवा "एनर्जी कन्झर्विंग" असं छापलेलं असेल, तर ते घर्षण कमी करणारं मोटारीचं ऑइल आहे. बाटली परत ठेवा. आणखी एक कारण फॉस्फरसचं. झीज थांबवणाऱ्या झिंकच्या रसायनात फॉस्फरस असतो. मोटारीच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला तो सोसत नाही म्हणून त्यांच्या पातळ ग्रेडमध्ये त्याची कमाल मर्यादा ०.०८ टक्के ठेवलेली आहे. जासोने मात्र दुचाकीसाठी ०.०८ ही किमान मर्यादा धरली आहे आणि कमाल ०.१२. एका ऑइलची छत ती दुसऱ्याची जमीन.

मग मिनरल, सेमी-सिंथेटिक की फुल सिंथेटिक? यावर चहाच्या टपरीवर तासन्‌तास वाद चालतात, आणि मला विचाराल तर हा निवडीतला शेवटचा मुद्दा आहे. सिंथेटिक ऑइल उष्णतेला जास्त टिकतं, कमी उडून जातं, थंडीत पटकन वाहतं. ऑइलचं तापमान दहा अंशांनी वाढलं की ते खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये रोज तापणाऱ्या एअरकूल्ड इंजिनाला किंवा लांब पल्ल्याच्या जोरदार गाडीला सिंथेटिकचा खरा फायदा मिळतो. गावात रोज पंधरा किलोमीटर चालणाऱ्या शंभर सीसीला मिनरल वेळेवर बदललं तरी पुरतं. सेमी-सिंथेटिकमध्ये सिंथेटिकचा वाटा किती असावा याचं बंधनकारक प्रमाण नाही, त्यामुळे त्या शब्दासाठी फार पैसे मोजू नका. आणि महाग ऑइल टाकून बदलायचं अंतर आपल्या मनाने दुप्पट करू नका. ऑइल टिकलं तरी त्यात मिसळलेलं पेट्रोल, पाणी आणि काजळी कुठे जात नाही.

आता प्रत्यक्ष बदलणं. मॅन्युअलमध्ये ऑइलचं माप दोन किंवा तीन आकड्यांत असतं. नुसतं ड्रेन केल्यावर किती, फिल्टरसह किती, आणि इंजिन उघडून पुन्हा बांधल्यावर किती. ड्रेन केल्यावर ८०० मिलिलिटर आणि इंजिन बांधल्यावर १ लिटर असं असेल, तर सर्व्हिसिंगला ८०० च टाकायचं. कारण बाकीचं दोनशे आतल्या कोपऱ्यांत, क्लचमध्ये अडकून राहतं, ते निथळत नाही. बाटली ९०० ची किंवा लिटरची आहे म्हणून पूर्ण रिकामी करणं, ही गॅरेजमधली सगळ्यात जास्त दिसणारी चूक. जास्त झालेलं ऑइल क्रँक घुसळते, त्याचा फेस होतो, फेसाने वंगण होत नाही. क्रँककेसमधला दाब वाढून ऑइल ब्रीदरच्या नळीतून एअर फिल्टरमध्ये जातं. फिल्टर ओला दिसला तर आधी पातळी बघा.

गाडी पाच मिनिटं चालवून इंजिन कोमट करा, चटके बसतील इतकं नको. डबल स्टँडवर सपाट जागी लावा. डिपस्टिक सैल करा म्हणजे वरून हवा जाईल. खालचा ड्रेन बोल्ट, अनेक लहान गाड्यांना १७ नंबरचा पाना लागतो, तो उघडून दहा-पंधरा मिनिटं निथळू द्या. इग्निशन बंद ठेवून दोन-चार किका मारल्या की उरलेलं थोडं आणखी पडतं. बोल्टखालचा तांब्याचा किंवा ॲल्युमिनिअमचा वॉशर दर वेळी नवा टाका. त्याची किंमत वडापावाहून कमी असते आणि त्यामुळे गळती वाचते. बोल्ट आधी हाताने पूर्ण बसवा, मग पान्याने आवळा. टॉर्क रेंच असेल तर साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. केस ॲल्युमिनिअमची आहे, पान्याला पाइप लावून आवळलं की आटे जातात, आणि मग पन्नास रुपयांचं काम हजारांवर जातं.

भरून झाल्यावर इंजिन तीन मिनिटं आयडलवर चालवा, बंद करा, आणखी तीन मिनिटं थांबा, मग पातळी बघा. डिपस्टिक पुसून बुडवायची, पण आटे फिरवून बसवायची की नुसती टेकवायची, हे गाडीगणिक वेगळं आहे. हिरो-होंडाच्या बऱ्याच गाड्यांत न फिरवता नुसती टेकवून बघतात. फिरवून बघितली तर पातळी खोटी जास्त दिसते आणि माणूस कमी ऑइलवर गाडी चालवत राहतो. इंजिन कायमचं बसतं ते चुकीच्या ब्रँडमुळे क्वचितच. बहुतेक वेळा ऑइलच संपलेलं असतं. दर पाचशे किलोमीटरला एकदा डिपस्टिक बघणं हे कुठल्याही महागड्या बाटलीपेक्षा जास्त उपयोगाचं आहे.

काढलेलं ऑइलही वाचता येतं. काळं झालं म्हणजे वाईट झालं असं नाही, काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. दुधाळ किंवा कॉफीसारखं दिसलं तर पाणी शिरलंय. पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी चालत असेल तर इंजिन पुरेसं तापत नाही, आत साठलेली वाफ निघत नाही, आणि डिपस्टिकच्या झाकणाखाली पांढरा साका दिसतो. एकदा वीस-तीस किलोमीटर फिरवून आणा, मग बघा. पेट्रोलचा वास येत असेल आणि पातळी कमी होण्याऐवजी वाढली असेल, तर कार्ब्युरेटरची फ्लोट नीडल गळतेय आणि कॉक चालू राहिल्याने पेट्रोल इंजिनात उतरतंय. अशी गाडी पुढे चालवू नका, ऑइलचं पाणी झालेलं असतं. नव्या गाडीच्या पहिल्या सर्व्हिसिंगला बारीक चमक दिसणं नेहमीचं. तीच चमक वीस हजार किलोमीटरनंतर दिसली, तर इंजिन उघडावं लागेल.

आता चिठ्ठ्या घेतो, बऱ्याच आल्यात.

"प्रवासात ऑइल कमी झालं आणि आपलं ब्रँड मिळालं नाही तर?" त्याच ग्रेडचं, एमए शिक्का असलेलं कुठल्याही कंपनीचं टाका. तेही नसेल तर जवळच्या ग्रेडचं. शंभर मिलिलिटर वेगळं ऑइल मिसळल्याने काही होत नाही, कमी ऑइलवर दोनशे किलोमीटर चालवल्याने होतं.

"ऑइल ट्रीटमेंटची छोटी बाटली वेगळी टाकावी का?" नाही. त्यात बहुधा घर्षण कमी करणारीच रसायनं असतात, म्हणजे क्लचचा पहिला शत्रू. चांगल्या ऑइलमध्ये लागणारं सगळं आधीच मोजून घातलेलं असतं.

"ॲक्टिव्हाच्या मागच्या गिअरचं ऑइल बदलावं लागतं का?" हो. मागच्या चाकाजवळ साधारण १२० मिलिलिटरचा वेगळा कप्पा आहे. सर्व्हिसिंगच्या बिलावर त्याची वेगळी ओळ आहे का ते बघा.

"आरएक्स १०० आहे, तिला काय?" ती टूस्ट्रोक गाडी, तिचं पेट्रोलबरोबर जळणारं टूटी ऑइल पूर्ण वेगळं असतं, जासो एफसी किंवा एफडी बघून घ्या. तिच्या गिअरबॉक्समध्ये मात्र ओला क्लच आहे, तिथे मॅन्युअलच्या ग्रेडचं जासो एमए ऑइल टाका. दोन्ही बाटल्यांची अदलाबदल कधी करू नका.

"जळकं ऑइल दाराला, वासे-खांबांना लावलं तर वाळवी लागत नाही म्हणतात." लावतात खरं. पण त्यात धातूचे कण, काजळी आणि इंधनाची घाण असते, हाताच्या कातडीला ते चांगलं नाही, आणि २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात येतं. गटारात किंवा विहिरीजवळ तर मुळीच नको. जुन्या कॅनमध्ये भरा आणि जिथून अधिकृत पुनर्प्रक्रियेवाले ते उचलतात अशा सर्व्हिस सेंटरला द्या.

शेवटची चिठ्ठी बनावट ऑइलची. अधिकृत विक्रेत्याकडून घ्या, झाकणाखालचं सील अखंड आहे का बघा, बॅच नंबर आणि तारीख बाटलीवर खोडाखोड न होता छापलेली आहे का बघा, कंपनीने स्क्रॅच कोड दिला असेल तर तो तपासा. सुट्टं ऑइल घेऊ नका. आणि गॅरेजमध्ये तुमच्यासमोर रिकामी झालेली बाटली तिथेच ठेवून येऊ नका. खऱ्या छापील बाटल्यांना बाजारात गिऱ्हाईक असतं. झाकण वेगळं करा, बाटलीला पेचकसने दोन भोकं पाडा आणि मग टाका.